फॅनफिकवर न मागता चुका दाखवाव्यात का?

अर्धविराम
बरेच दिवस एक गोष्ट मनात घोळते आहे, म्हणून धागा काढते.

मी फॅनफिक, म्हणजे आवडत्या मालिका-पुस्तकांतली पात्रं घेऊन चाहत्यांनी लिहिलेल्या गोष्टी, खूप वर्षं वाचते, लिहीत नाही. चार महिन्यांपूर्वी एओथ्री या फॅनफिकच्या साइटवर एक चालू गोष्ट सापडली. अकरा भाग झाले होते. एका बैठकीत सगळे वाचले, रात्रीचे तीन वाजले. इतकी आवडली की हिला मदत करावी असं वाटलं. म्हणून अकराव्या भागाखाली भलामोठा प्रतिसाद लिहिला. भूतकाळात चाललेली गोष्ट मधेच वर्तमानकाळात कुठे येते, निवेदन एकाच्या डोक्यातून दुसऱ्याच्या डोक्यात कुठे उडी मारतं, कुठल्या प्रसंगात नायक मूळ मालिकेतल्यासारखा वागत नाही, सगळं भागवार. शेवटी लिहिलं, "बाकी छान, लिहीत राहा."

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, "धन्यवाद, लक्षात ठेवेन." त्यानंतर बारावा भाग आलेला नाही.

तिची परीक्षा असेल, आजारपण असेल, मन उडालं असेल. माझ्यामुळेच थांबली असं म्हणायला काही आधार नाही, हे कळतं मला. तरी ते "लक्षात ठेवेन" डोक्यातून जात नाही. लेखकाने विचारलं नसताना चुका दाखवाव्यात का? दाखवायच्या तर कशा?

रातकिडा
तिने मागितलं होतं का?

अर्धविराम
नाही. पहिल्या भागाच्या वर टीप होती, "ही माझी पहिलीच गोष्ट, सांभाळून घ्या." अकराव्या भागाला पोचेपर्यंत मी ती विसरले होते. काल परत जाऊन वाचली.

रातकिडा
मग उत्तर त्या टिपेतच होतं.

जुनी वही
रातकिडा, इतकं सरळ नाही हो ते. मी फॅनफिकमध्ये आले ती फॅनफिक्शन डॉट नेटच्या काळात. ती साइट १९९८ची. तिथे गोष्टीखाली जे लिहायचं त्याला 'रिव्ह्यू' म्हणत. समोर रिव्ह्यू लिही म्हटलं की माणूस आपोआप परीक्षकाच्या खुर्चीत बसतो. आम्ही सगळे बसलो होतो. काय आवडलं, काय खटकलं, पुढे काय करता येईल, असे तीन परिच्छेद लिहिणं म्हणजे चांगला वाचक असणं, हे मी तिथेच शिकले.

२००९च्या नोव्हेंबरात एओथ्रीची खुली चाचणी सुरू झाली. तिथे गोष्टीखाली प्रतिसादाच्या दोनच सोयी, कॉमेंट आणि थोडी नंतर आलेली कुडोस. कुडोस म्हणजे निव्वळ दाद. एका गोष्टीला एकदाच देता येते आणि दिलेली मागे घेता येत नाही. तारे नाहीत, गुण नाहीत. ज्यांनी वाचायला सुरुवातच तिथे केली त्यांना आमचे तीन परिच्छेद अंगावर आल्यासारखे वाटतात. दोन्ही पिढ्या आपापल्या घरच्या रीतीने वागतात आणि एकमेकींना उद्धट किंवा हळवं ठरवतात. अर्धविराम, तुम्ही कुठे वाचायला लागलात?

अर्धविराम
फॅनफिक्शन डॉट नेटवर! २००५ च्या आसपास. हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

सडेतोड
मी दुसरी बाजू मांडतो. माझ्या पहिल्या गोष्टीवर एका अनोळखी माणसाने लिहिलं होतं, "तुझा प्रत्येक दुसरा परिच्छेद 'आणि मग'ने सुरू होतो. मोजून बघ." मी चिडून मोजले. एकवीस निघाले. त्या दिवसापासून माझं लिखाण बदललं. तो परवानगी मागत बसला असता तर मी "नको" म्हणालो असतो आणि आजही 'आणि मग, आणि मग' करत बसलो असतो.

जगासमोर ठेवलं की जग बोलणार. सगळ्यांनी फक्त बदाम टाकायचे ठरवलं तर खरंच चांगलं लिहिणाऱ्यालाही कळणार नाही की आपण चांगलं लिहितो. मला ते लेखकाचा अपमान करण्यासारखं वाटतं.

गुळवेल
एकवीस 'आणि मग' असलेली गोष्ट अजून आहे का कुठे? मला वाचायची आहे.

सडेतोड
आहे. आणि मग तुम्ही मला ओळखाल.

कवडसा
सडेतोड, तुमचा अनुभव खोटा नाही. पण "जगासमोर ठेवलं की जग बोलणार" यात दोन वेगळी बोलणी एकत्र झाली आहेत.

पुस्तकाचं परीक्षण इतर वाचकांसाठी असतं. घ्यावं की नाही, वेळ घालवावा की नाही, हे त्यांना ठरवता यावं म्हणून. लेखकाने ते वाचलं नाही तरी परीक्षणाचं काम होतं. गोष्टीखालची कॉमेंट मात्र थेट लेखकाच्या इनबॉक्समध्ये जाते. ते त्या माणसाला लिहिलेलं पत्र आहे, फक्त उघड्यावर ठेवलेलं. परीक्षणाची भाषा पत्रात आली की ती टोचते. तुम्हाला गोष्टीबद्दल मोकळेपणाने बोलायचंय? मित्रांच्या गटात बोला, स्वतःच्या ब्लॉगवर लिहा, शिफारशींच्या यादीत "शुद्धलेखन कच्चं आहे पण वाचाच" असं लिहा. कोणी अडवलंय? लेखिकेच्या उंबऱ्यात उभं राहून तिच्याच पाहुण्यांसमोर हे बोलायचं का, एवढाच प्रश्न आहे.

जुनी वही
कवडसा, +१. पत्र हा शब्द अगदी नेमका आहे. छापील फॅनझिनच्या, म्हणजे चाहत्यांनी स्वतः काढलेल्या अंकांच्या काळात याला 'लेटर ऑफ कॉमेंट'च म्हणत. 'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांचं 'स्पॉकानालिया' १९६७ साली निघालं. तेव्हाच्या फॅनझिनना वाचक टपालाने पत्रं पाठवत, आणि त्यातली काही पुढच्या अंकात छापली जात. म्हणजे लिहिणं, पाकीट बंद करणं आणि टपालात टाकणं यात निदान एक रात्र तरी जायची. रात्री तीन वाजता बटण दाबायची सोय नव्हती.

मोगरी
मी लिहिते. लिहिणाऱ्याच्या बाजूचं सांगू का?

प्रतिसाद आला की मला मेल येतो. मी कामावर असते, रांगेत असते, कुणाच्या उशाशी बसलेली असते. मेल दिसला की पोटात गोळा येतो. चांगला असेल या आशेने आणि नसेल या भीतीने, दोन्हीने. गेल्या वर्षी मी एक मोठी गोष्ट पूर्ण केली, अडीच वर्षं लागली. शेवटच्या भागावर पहिला प्रतिसाद होता, "सहाव्या भागात तिचे डोळे तपकिरी होते, इथे काळे आहेत." बास, एवढंच. चूक खरी होती, मी दुरुस्तही केली. पण अडीच वर्षांनी दार उघडून कोणीतरी पहिल्यांदा आत आलं आणि म्हणालं, तुमचा पंखा वाकडा आहे.

दुसऱ्या बाजूने, "पुढचा भाग कधी?" हेही लिहू नका अशी माझी विनंती. एकदा एकाच भागावर असे चौदा प्रतिसाद होते. नव्या भागावर गोष्टीतल्या कुणाचंही नाव नाही, काय घडलं त्याबद्दल एक शब्द नाही, फक्त "पुढचा?".

रातकिडा
मला तर "पुढचा भाग कधी" वाचून आनंद होतो. कोणीतरी वाट बघतंय ना.

मोगरी
पहिल्या तीनला मलाही झाला होता रे. चौथ्यापासून ते वसुलीसारखं वाटायला लागलं. "पुढे काय होणार याचा विचार करत मी दिवसभर फिरले" असं लिहिलं तरी तेच कळतं, आणि माझ्या डोक्यावर तारीख बसत नाही.

शाईचा डाग
मी बीटा रीडर म्हणून काम करते, म्हणजे गोष्ट टाकण्याआधी वाचून देते. सुधारणेची जागा ती आहे असं माझं ठाम मत आहे. कारण फार व्यावहारिक आहे. गोष्ट टाकण्याआधी सांगितलं की लेखक बदल करू शकतो. चाळीस हजार शब्द टाकून झाल्यावर "तिसऱ्या भागातला निर्णय पटला नाही" हे ऐकून तो काय करणार? पुढचे आठ भाग त्याच निर्णयावर उभे आहेत. ती माहिती खरी असली तरी निरुपयोगी आहे, आणि निरुपयोगी दुखणं देण्यात काय हशील?

बीटा करतानाही मी आधी विचारते, काय बघू? फक्त शुद्धलेखन? पात्रांची बोलण्याची ढब? कथानकातली भोकं? एकाने सांगितलं होतं, "फक्त मारामारीत कोण कुठे उभा आहे ते कळतंय का बघ." मी फक्त तेवढंच बघितलं. उरलेलं खूप दिसत होतं, जीभ चावून बसले. पुढच्या गोष्टीला तो स्वतःच आला आणि म्हणाला, या वेळी सगळं सांग.

आणि सडेतोड, ज्यांना खरंच टीका हवी असते ते टिपेत लिहितात, 'कॉनक्रिट चालेल', म्हणजे सुधारणेसाठी केलेली टीका चालेल. त्यांच्याकडे जाऊन मनसोक्त सांगा. त्यांना तुमच्यासारखे वाचक मिळत नाहीत.

गुळवेल
शुद्धलेखनाचं निघालंय म्हणून सांगते. मी मराठीत लिहिते. माझ्या एका गोष्टीत नायक रणांगणावर मरणाऱ्या मित्राचं शिर मांडीवर घेतो. मी लिहिलं होतं 'शीर'. पाच महिने तो बिचारा मित्राची रक्तवाहिनी मांडीवर घेऊन रडत होता आणि कोणीही बोललं नाही!

शेवटी एकीने लिहिलं. आधी त्या प्रसंगाबद्दल दोन परिच्छेद, तिला कुठलं वाक्य लागलं, का लागलं. मग खाली, "एक बारीक वेलांटी राहिली आहे, सांगितलेली चालेल का? वाचून झाल्यावर माझी ही ओळ तुम्ही खुशाल काढून टाका." मी हो म्हटलं, तिने सांगितलं, मी अर्धा तास हसले आणि ऱ्हस्व करून टाकलं. आज ती माझी बीटा आहे.

रातकिडा
शीर मांडीवर =)) =))

कवडसा
गुळवेल, बघा ना, तिने विचारलं एका ओळीत, पण आधी तुम्हाला कळू दिलं की ती गोष्टीच्या आत होती. नुसतं "चूक सांगू का?" विचारलं असतं तर तेही टोचलं असतं.

पानगळ
बराच वेळ वाचते आहे. मला एक अडचण आहे आणि ती वरच्या कोणाच्याच नियमात बसत नाही.

मला लहानपणापासून ऐकू कमी येतं, दोन्ही कानांना यंत्र आहे. फॅनफिकमध्ये बहिरं पात्र आलं की मी धावत वाचायला जाते, कारण मूळ मालिका-चित्रपटांत आम्ही फारसे नसतोच. आणि दर दुसऱ्या गोष्टीत ते पात्र अंधारात ओठ वाचतं. पाठमोऱ्या माणसाचे ओठ वाचतं. यंत्र लावलं की त्याला सगळं स्वच्छ ऐकू येतं, आणि नायिका रडते. प्रत्यक्षात उजेडात समोर बसून, ओळखीचा माणूस बोलत असतानासुद्धा ओठांवरून सगळं कळत नाही. कितीतरी आवाजांना ओठ सारखेच हलतात, 'प' आणि 'ब' आरशासमोर म्हणून बघा. मग अंदाज बांधत राहावं लागतं, आणि दिवसाच्या शेवटी त्याचा थकवा येतो. यंत्राने आवाज मोठा होतो, शब्द स्पष्ट होतातच असं नाही.

"न मागता बोलू नये" हा नियम मान्य केला तर मी गप्प बसायचं. तिथे नीट ऐकू येणारे शेकडो वाचक हेच खरं धरून चालणार. डोळे काळे की तपकिरी आणि हे, एकाच तागडीत घालू नका एवढंच म्हणणं आहे.

शाईचा डाग
पानगळ, नाही घालत. माझं वरचं विधान मी तुमच्यापुरतं मागे घेते. तुम्ही प्रत्यक्षात काय करता?

पानगळ
आधी लिहायचेच नाही. मग एकदा चिडून खूप लिहिलं. लेखिकेने गोष्टच काढून टाकली, आणि मला अजिबात बरं वाटलं नाही, कारण बाकी गोष्ट सुंदर होती आणि ते पात्र शूर होतं, कीव येण्यासारखं नव्हतं. तेही गेलं.

आता मी एक प्रतिसाद, एक मुद्दा असं करते. चुकांची यादी करत नाही. "मला स्वतःला यंत्र आहे, म्हणून हा प्रसंग वाचताना मी थबकले" इथून सुरू करते आणि माझ्या बाबतीत कसं होतं ते सांगते. बदला असं म्हणत नाही. पुढे लिहिताना काही विचारावंसं वाटलं तर मी आहे, असं लिहून थांबते. सातआठ जणांना लिहिलं असेल. तिघांनी विचारलं. एकाने तर अंधारातला प्रसंग बदलून त्या दोघांना मोबाइलच्या उजेडात लिहून बोलायला लावलं, आणि तो आधीपेक्षा कितीतरी हळवा झाला.

सडेतोड
हे मला पटलं. आणि हेही दिसलं की माझ्या 'आणि मग'वाल्यानेही एकच गोष्ट सांगितली होती. त्याने अजून दहा सांगितल्या असत्या तर मी मोजायला बसलो नसतो, खातंच बंद केलं असतं.

तरी एक विचारतो. 'अमुक पात्र असं वागणार नाही' हे सांगणंही चूक का? तो तर फॅनफिकचा गाभा आहे. आपण सगळे त्या पात्रांसाठीच जमतो.

जुनी वही
त्यावर जपून. 'असं वागणार नाही' याची सख्खी बहीण म्हणजे 'ही तर मेरी सू आहे'. तो शब्द आला कुठून माहीत आहे? १९७३ साली पॉला स्मिथ यांनी 'मिनॅजरी' नावाच्या फॅनझिनमध्ये एक छोटंसं विडंबन लिहिलं. त्यातली मेरी सू साडेपंधरा वर्षांची लेफ्टनंट असते, सगळ्यांची लाडकी, सगळं येणारी. तेव्हा 'स्टार ट्रेक'वर तशा गोष्टींचं पीक आलं होतं, त्यावरची ती थट्टा होती. पुढे तो शब्द इतका सैल झाला की कुठल्याही मुलीने स्वतःच्या मनाने एक धाडसी मुलगी रचून गोष्टीत घातली की खाली कोणीतरी 'मेरी सू' लिहून जायचं. मी किती मुलींना त्या दोन शब्दांवर लिहिणं सोडताना पाहिलंय. चौदा-पंधराच्या पोरी. मी स्वतःही दोनदा लिहिलं आहे ते. आज ते प्रतिसाद शोधून काढता आले असते तर बरं झालं असतं.

पडद्याच्या पलीकडे कोण बसलंय ते आपल्याला कळत नाही. पन्नाशीची बाई असेल, शाळेतली मुलगी असेल, ही भाषा नुकती शिकलेलं कोणी असेल.

मोगरी
'असं वागणार नाही'ऐवजी "त्याने तिला न सांगता जाण्याचं का ठरवलं, मला अजून कळत नाहीये" असा प्रश्न विचारलात तर मी तुम्हाला दोन पानं उत्तर लिहीन. कदाचित लिहिता लिहिता मलाच कळेल की कारण गोष्टीत आलेलं नाही.

आणि गोष्टीत ज्या दोघांचं प्रेम दाखवलंय ती जोडी आवडत नसेल तर वरचे टॅग बघून पुढे जा. टॅग त्यासाठीच असतात. "मला ही जोडी मुळीच आवडत नाही, पण तुमची गोष्ट आवडली" हे लोक कौतुक म्हणून लिहितात. पहिला अर्धा भाग खोडला तरी कौतुक पूर्ण राहतं.

गुळवेल
मला उलटा त्रास आहे. मी चुका काढत नाही, पण काही लिहूही शकत नाही. "छान" लिहिते, मग वाटतं हे काय, खोडते, कुडोस देऊन पळते. आणि जुन्या गोष्टीवर, समजा २०१४च्या, आत्ता लिहिलं तर विचित्र दिसतं का?

मोगरी
अजिबात नाही!! माझ्या सात वर्षांपूर्वीच्या गोष्टीवर महिन्यापूर्वी प्रतिसाद आला. मी ती विसरले होते. उठून परत वाचली. तो दिवस फार चांगला गेला.

सुचत नसेल तर जे वाक्य आवडलं ते उचलून चिकटवा आणि खाली लिहा, इथे मी थांबले. बाकी काही नको. आम्हाला कुठलं वाक्य पोचलं हेच कळत नसतं. आणि खरं सांगू, सुधारणा त्यानेही होते. तीन जणांनी माझी एकाच प्रकारची वाक्यं उचलली, तेव्हा मला कळलं की माझे संवाद बरे आहेत आणि वर्णनं लोक ओलांडून जातात.

रातकिडा
अर्धविराम कुठे गेल्या?

अर्धविराम
इथेच आहे, वाचत होते. दोन दिवस लागले.

माझा तो प्रतिसाद परत वाचला. सतरा चुका दाखवल्या होत्या. कौतुकाचे शब्द चार, त्यातला एक 'बाकी'. मी तीन वाजेपर्यंत जागले हे तिला कुठेच सांगितलेलं नाही. मला वाटत होतं ते गृहीतच आहे, आवडलं नसतं तर एवढं लिहिलं असतं का? पण तिला ते कसं दिसणार.

शाईचा डाग
माफी मागणार आहात का?

कवडसा
मागू नका असं मी म्हणेन. माफी आली की "नाही नाही, काही हरकत नाही" म्हणण्याचं काम परत तिच्यावर पडतं.

पानगळ
मी असते तर मला एक ओळ आवडली असती. लांबण नको.

अर्धविराम
दोन्ही डोक्यात ठेवून काल लिहिलं. नवव्या भागाखाली टाकलं, अकराव्याखाली नाही. त्या भागात दोघी बहिणी एका बंद दाराच्या दोन बाजूंना बसून बोलतात आणि शेवटपर्यंत दार उघडत नाहीत. मला वाटत होतं आता उघडेल, आता उघडेल, आणि ते उघडलं नाही म्हणूनच मी पुढचे दोन भाग वाचायला जागी राहिले. तेवढं लिहिलं. धाकटीचं एक वाक्य उचलून चिकटवलं. खाली एक ओळ, "मागच्या वेळी हे आधी लिहायला हवं होतं." बाराव्या भागाचा उल्लेख केला नाही.

अजून उत्तर नाही. नाही आलं तरी चालेल. खरंच.

सडेतोड
बंद दाराचा प्रसंग ऐकूनच वाचावीशी वाटतेय. लिंक द्या ना.

अर्धविराम
इथे नको. या धाग्यावर तिच्या चुकांबद्दल बोलून झालंय, इथून कोणी थेट तिच्याकडे जाऊ नये. तिचं उत्तर आलं तर तिला विचारून शिफारशींच्या धाग्यावर देईन.

सडेतोड
चालेल. थांबतो.